घिवही केळीसाठी अभनपूरची वाट

"ताई, घड पिकून राहिला. आता तरी ये," असा रश्मीचा फोन आला आणि मी शाळेत रजा टाकली. रश्मी माझी धाकटी बहीण. रायपूरला एका खाजगी टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत काम करते. केळीची रोपं काचेच्या बरण्यांत वाढवते. नागपूरहून रायपूर म्हणजे गाडीने पाच-सहा तास, तरी माझं जाणं नेहमी पुढे ढकललं जायचं. या वेळी तिच्या आवाजात निकालाच्या दिवशीची धडधड होती.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी घ्या आणि आरक्षण करूनच घ्या. गोंदियापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. डोंगरगड मागे पडलं की दोन्हीकडे धान कापून झालेली शेतं लागतात. थंडीत ती फार उदास दिसतात. दुर्गनंतर आभाळच करडं झालं. रायपूरला उतरले तेव्हा भरदुपार होती, पण ऊन कुठेच नव्हतं. रश्मीच्या खोलीत खिडकीवर हात टेकवला तर तळवा काळा झाला.

"सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ," ती म्हणाली. "रोज पुसते, रोज बसते."

कोपऱ्यावरच्या टपरीतून तिने गरम फरे आणले. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. स्वस्त आणि पोटभर. रायपूरला गेलात तर चुकवू नका. खाता खाता ती घिवहीबद्दल बोलत राहिली.

घिवही हे अभनपूरच्या पुढच्या एका गावातलं घरगुती केळं, तिथल्या बोलीत केरा. आखूड, जाड, बोथट टोकाचं, आणि खाताना जिभेवर तूप विरघळल्यासारखं वाटायचं, म्हणून घिवही. गावातल्या एकाच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, प्रत्येक परसात तीन-चार बेटं असायची. काही वर्षांपूर्वी त्यांच्यावर पर्णगुच्छ रोग आला. शेंड्याला पानांचा झुबका होतो, घड धरत नाही, आणि पिल्लं लावली तर रोगही सोबत जातो. रश्मी तिथे पोचली आणि तिने लोकांना सांगितलं, सगळं मुळासकट उपटा, जाळा. मी निरोगी केळ परत आणून देते. केळीच्या कोंबाचं अगदी आतलं टोक, मोहरीहूनही बारीक, बहुधा रोगापासून वाचलेलं असतं. ते कापून बरणीत वाढवायचं, एकाची अनेक करायची. असे काही कोंब ती सोबत घेऊन गेली आणि लोकांनी तिच्या शब्दावर बेटं उपटली. तिने रोपं दिली. आता त्यांचा पहिला घड आला होता.

संध्याकाळी तिने मला प्रयोगशाळा दाखवली. अशी जागा पाहायची असेल तर आधी परवानगी काढावी लागते. चपला, पर्स, फोन सगळं बाहेर. आत थंडगार खोली, पांढरे दिवे, मांडण्यांवर ओळीने बरण्या आणि प्रत्येकीत बोटभर हिरवी रोपं. मला सगळ्या सारख्याच वाटल्या.

"मलेही सारख्याच दिसतात," रश्मी हसली. "झाकणावर नाव असते म्हणून कळते."

दुसऱ्या दिवशी आम्ही अभनपूरची बस धरली. तिथून पुढे ऑटो. भाडं आधीच ठरवा. रस्ता बरा आहे, शेवटचा तुकडा सोडून. रश्मीने नवीन साडी नेसली होती. फिरंता भैया आणि त्यांची बायको दुलारी दारातच उभे होते. पहिली रोपं त्यांच्याच परसात लावली होती. दुलारीने आमचे पाय धुतले, चहा दिला. मग आम्ही मागे गेलो.

केळी उंच, धडधाकट होत्या. एकीला घड लटकत होता. रश्मी भराभर पुढे गेली आणि घडापाशी थांबली. मला वाटलं, तिला भरून आलं. मी फोन काढून फोटोही घेतला. त्या फोटोत तिचा हात घडावर आहे आणि चेहरा पार उतरलेला आहे. ते मी नंतर पाहिलं.

घडाची केळी लांब होती. वाकडी, निमुळती. आपल्याकडे हातगाडीवर मिळतात तशी.

दुलारीने खालची फणी आधीच पेंढ्यात पिकवून ठेवली होती. ती पितळी थाळीत घेऊन आली. रश्मीने एक सोललं, घास घेतला, हळूहळू चावला.

"भैया, ये घिवही नहीं है," ती म्हणाली.

फिरंता भैयांनी मान खाली घातली. "हव दीदी. पेड़ बड़ा हुआ, तभी समझ गए थे."

"तो बोले क्यों नहीं?"

उत्तर दुलारीने दिलं. "आप हर महीना बस से आती थीं, दीदी. पत्ता-पत्ता पोंछती थीं. कैसे बोलते?"

रश्मी तिथेच बांधावर बसली. मग तिने विचारलं, कुठे एखादं जुनं बेट राहिलं असेल का? रोगट असलं तरी चालेल. आम्ही चौघं अख्खा पारा फिरलो. परसांत आता वांगी होती, कुठे मुनगा, म्हणजे आपला शेवगा. एका म्हाताऱ्या बाईने रश्मीला ओळखलं आणि कौतुकाने सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं एकही मूळ ठेवलं नाही.

परतीच्या बसमध्ये रश्मी म्हणाली, "दर महिन्याले कोंब कापून नव्या बरणीत टाकतो न आपण. एकाच टेबलावर घिवही अन् साधी केळ, दोन जाती होत्या. कधीतरी झाकणं बदलली असतील. घिवहीच्या नावानं मांडणीवर ठेवल्या त्या बरण्याही मंग साध्याच केळीच्या."

"तपासता येत नाही का?"

"येते. डीएनए चाचणी करायची होती. आमचे सर म्हणाले, परसातल्या चार केळींसाठी कोण खर्च करेल? अन् मीही जोर नाही लावला. मले पक्कं वाटून राहिलं होतं." मग ती म्हणाली, "घिवही मेली नाही, ताई. साध्या केळीच्या नावाखाली विकली गेली. कोणाच्या तरी शेतात उभी असेल. आखूड केळी पाहून तो आम्हाले शिव्या देत असेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत सरांना सांगायला गेली. मी फाटकाबाहेर थांबले. ती लवकर बाहेर आली. सर म्हणाले होते, हे कुठे बोलू नको. लोक विचारतील, मग आमच्या शेतात तुम्ही काय दिलं? त्या हंगामाची रोपं कुठे गेली ते सांगायला त्यांनी नकार दिला. आणि घिवहीच्या नावाच्या बरण्या धुऊन मांडणी रिकामी करायला सांगितली.

"धुतल्या?" मी विचारलं.

"मीच धुतल्या."

दुपारच्या गाडीने मी परतले. स्टेशनवर तिला म्हटलं, चल थोडे दिवस नागपूरला. ती नाही म्हणाली. रोपं पोचवणाऱ्या गाडीवाल्यांना विचारून शेतं शोधणार होती. तेव्हापासून ती दर रविवारी निघते. कधी धमतरीकडे, कधी महासमुंदकडे. बऱ्याच जणांनी पीक घेऊन केळी मोडून टाकल्या आहेत. अजून काही हाती लागलेलं नाही.

प्रवासातून काय आणलंस, असं विचारणाऱ्यांना मी फऱ्यांबद्दल सांगते. खरं तर त्या परसातली शांतता आठवते. तिच्यावर कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ती पुन्हा त्या गावी गेली होती, पाऱ्यातल्या सगळ्यांना बसवून स्वतःची चूक सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं, जेवू घातलं. ती साधी केळ त्यांनी उपटलेली नाही. तिची पिल्लं परसापरसांत लावली आहेत आणि फळं अभनपूरच्या बाजारात विकतात.

"तिले नाव ठेवलं त्यांनी," रश्मी म्हणाली. "दीदी केरा म्हणतात."