घळीच्या दारातली पायताणं

मला बंद जागेचा धसका आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुपवाडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथलं शटरसुद्धा मी पूर्ण वर ठेवतो, पावसाची झड आत आली तरी. लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नाही. आणि अशा माणसाच्या मुलीला वेड कशाचं लागावं? तर डोंगरातल्या घळींचं. घळ म्हणजे डोंगराच्या पोटातली आपोआप झालेली गुहा. सातारा भागात अशा पुष्कळ आहेत, आणि ही बया त्यांच्यात सरपटत शिरते, टेप लावून मापं घेते, घरी येऊन त्यांचे नकाशे काढते. "कॉलेजात हेच शिकवतात का गं?" असं विचारलं की म्हणते, "शिकवत नाहीत, म्हणूनच जायचं पप्पा."

मग मीही जायला लागलो. आत नव्हे, दारापर्यंत. बायको म्हणायची, "तिथं जाऊन तुम्ही करणार काय?" करणार काय म्हणजे? बसणार. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा दारात बसून लावलेला बरा.

त्या रविवारी कोयनानगरच्या पलीकडच्या डोंगरात गेलो होतो. माझ्या पोरीला धरून पोरं-पोरी मिळून सात जण, मी, आणि खालच्या वाडीतले एक निवृत्त फौजी. तोफखान्यात नोकरी झालेली, त्यात एक कान गेलेला. पोरं त्यांना मामा म्हणायची. घळीच्या तोंडाशीच शेंदूर फासलेला देव होता, त्यामुळे पायात काही घालून आत जायचं नाही, हा वाडीचा रिवाज. पोरं कुरकुरत बूट काढायची आणि जाड मोज्यांवर आत जायची. मामांनी त्या रिवाजाचीच हजेरी करून टाकली होती. दारात जेवढे जोड, तेवढी माणसं आत. शेवटचा जोड उचलला गेला की मामा आत जाऊन दोर काढून आणणार. हा दोर महत्त्वाचा. आत तीसेक पावलांवर एक भोक होतं, दोन पुरुष खोल, गुळगुळीत कडांचं. पोरं दोराला धरून त्यात उतरायची आणि तिथून पुढच्या कपारींत शिरायची. दोर नसेल तर वर येणं शक्य नाही.

दहाला सातही जण आत गेले. बारा वाजले तरी चाहूल नाही. मी घड्याळ बघायचो, उठायचो, अंधारात डोकावायचो, वटवाघळांचा वास आला की मागं सरायचो.

"आवं दादा, जरा टेका की," मामा म्हणाले. "तुमच्या येरझाऱ्या बघून मलाच घेरी यायला लागलीया."

ते झऱ्यावर पाणी भरायला गेले आणि माझी नजर दारातल्या बुटांवर गेली. माझ्या पोरीच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून पार उचकटला होता. झालं! उतरताना त्यात दगड अडकणार, ती तोंडावर पडणार, खाली दरी आहे... माझं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही. खाली गाडीत आरी, दोरा, चिकटवायचं सगळं होतं. मी तो बूट उचलला. पण मग दुसरा एकटाच राहिला. देवाच्या दारात एकच बूट ठेवायचा म्हणजे कसंतरीच वाटलं. अपशकुनीच की ते. म्हणून दोन्ही घेतले आणि उतरलो. मामांना सांगायला हवं होतं. ते मनातसुद्धा आलं नाही.

टाके घालून होत आले होते, तोच गाडी डुगडुगली. काचा खडखडल्या, जमिनीखालून घरघर आली आणि थांबली. कोयनेकाठच्या माणसांना भूकंपाच्या असल्या धक्क्यांचं काही वाटत नाही. शेजारच्या रानातल्या बाईनं नुसतं वर पाहिलं आणि परत खुरपायला लागली. मी मात्र वर फोन लावायला गेलो. मोबाईलला रेंज नव्हती. बूट हातात घेऊन मी चढाला लागलो. निम्म्यात दम संपला, तरी थांबायची छाती होईना. ती आत आहे, वर अख्खा डोंगर आहे, एवढंच डोक्यात.

वर पोचलो तर पोरं उघड्या माळावर बसून हसत होती. धरणी हलली तेव्हा तुझं तोंड बघायला पाहिजे होतं, असलं काहीतरी. दोघं-तिघं झऱ्यावर गेलेली. हायसं वाटलं. मग मी एकेक तोंड बघत गेलो, झऱ्यावर जाऊन बघून आलो. मामा दगडावर बसून दोर गुंडाळत होते.

"माझी पोरगी कुठाय?"

"हितंच आसल की. समदी भाईर आल्यात. दारात एक बी पायताण न्हाई."

"एक बी न्हाई म्हणजे? माणसं मोजायची का पायताणं?" मी ओरडलो. "अक्कल गहाण ठेवली काय? डोळे फुटलेत का तुमचे?" तोंडाला येईल ते बोललो. मामा ऐकून घेत होते. मग त्यांची नजर माझ्या हातांकडं गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दोर खांद्यावर टाकला आणि आत धावले.

मीही गेलो. कसा गेलो ते मला विचारू नका. भिंतीला हात लावत, देवाचं नाव घेत, भोकाच्या कडेपर्यंत. खाली काळोख. तिला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली, तर माझाच आवाज चिरका होऊन परत आला. त्या क्षणी मला ती गेली असंच वाटलं. मग खालून दिवा लागला.

"दोर टाका," ओरडून बसलेल्या आवाजात ती म्हणाली.

वर आली तेव्हा गुडघे सोललेले, ओठ पांढरे पडलेले. हादरा बसल्यावर तिनं बरोबरच्या पोरीला पुढं पाठवलं होतं, टेप गुंडाळून येते म्हणून. वरच्या धांदलीत माझी पोरगी केव्हाच बाहेर पडली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर दोर वर गेला, आणि तिची हाक मामांच्या गेलेल्या कानावर पडली.

"चुकलं माजं, ताई," मामांनी हात जोडले.

"मामा, तुम्ही मोजता ना? मग?" ती रडकुंडीला आली होती. मामांनी मान खाली घातली. मी हातातले बूट पाठीमागं धरले.

दारात येऊन तिनं खाली पाहिलं. "माझे बूट कुठायत?"

मामा डोंगराकडं बघायला लागले. मी बूट पुढं केले. "शिवायला नेले होते."

"दोन्ही?"

"एकच कसा ठेवायचा गं देवाच्या दारात?" म्हणालो, आणि मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मामांचं काही चुकलं नाही, सगळं माझ्यामुळं झालं.

"ऱ्हाऊ द्या हो," मामा म्हणाले. "पोरगी आली न्हवं."

ती त्यांच्या पाया पडली. मग बूट घालून डोंगर उतरायला लागली. पाटण मागं पडल्यावर गाडीत म्हणाली, "थोडा वेळ ओरडले, मग थांबले. म्हटलं, पप्पा दारात आहेत. मी दिसले नाही तर ते कुणाला बसू देणार नाहीत. म्हणून दिवा बंद करून स्वस्थ बसले."

मी रस्ता बघत गाडी चालवत राहिलो.

महिन्यानं तिनं पुन्हा बॅग भरायला घेतली. मीही माझी पिशवी काढली, पाण्याची बाटली भरली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रागात नव्हती. समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "पप्पा, या वेळी तुम्ही घरी थांबा. आत असताना मला बाहेरची काळजी नको."

मी बाटली मोरीत ओतली. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच एवढं लागलं.