सशिणीचं बाळंतपण अन् माझा झाडू

आता कसं सांगू तुम्हाला! माझ्याच तोंडानं माझीच अब्रू काढायची म्हणजे जिवावर येतं. पण आमच्या म्हातारीनं अर्ध्या गल्लीला सांगून झालंय, तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा माझ्याकडनंच ऐका. चहा घ्या. हसू आलं तर कप खाली ठेवून हसा. परवा एकानं माझ्या सतरंजीवर सांडला.

तर आमची सूनबाई शाळेत मास्तरीण. पोरगा ट्रकवर, महिन्यातनं आठ दिवस घरात. तिला करमत नाही म्हणून तिनं ससा आणला. ससा कुठला, सशीण! पांढरीफेक, लाल डोळ्याची. नाव जुई.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दूध देत न्हाय, अंडं देत न्हाय, चोर आला तर भुंकत न्हाय. असलं जनावर कशाला?" सहा महिने रोज सांगितलं. ऐकतंय कोण?

पुढं तिनं जुईला शाळेतल्या एका बाईंच्या सशाकडं नेऊन आणलं, कॅलेंडरवर खूण केली, आणि म्हणाली, एकतिसाव्या दिवशी पिल्लं होतील. नेमकी त्याच आठवड्यात तिची आई करकंबला न्हाणीत घसरून पडली. सूनबाई पिशवी घेऊन निघाली. मला ती मामा म्हणते, आमच्या म्हातारीला आत्या. दारात उभी राहून मला सांगायला लागली.

"मामा, पिंजऱ्यातल्या खोक्यात सुकं गवत घातलंय. पाणी तेवढं बदला. आणि ती केस..."

"अगं जा तू!" मी तिला मधीच तोडलं. "गावाकडं मैंदर्गीला म्हशी माझ्या हातावर व्याल्यात. मला सशाचं शिकवतीस?"

ती पिशवी उचलून गेली. तिथंच मी माती खाल्ली बघा.

आता माझं ऐका. पस्तीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा होतो. मागाखाली कापसाची लव साचते. ती झाडली नाही तर धाग्यात जाते, माग अडतो, एखादी ठिणगी पडली तर पेटते. त्यामुळं पांढरी लव दिसली की माझा हात आपोआप झाडूकडं जातो. पाळी सुटली, कारखाना सुटला, हात काही सुटला नाही. अजून पहाटे पाचला डोळा उघडतो.

तिसाव्या दिवशी पहाटे बघतो तर सशिणीच्या खोक्यात ही एवढी लव! म्हटलं, कुठल्या तरी गादीचं पोट फोडून आणलं हिनं. घेतली केरसुणी, सगळं खोकं झाडून लख्ख केलं. गवत चिकटलं होतं तेही काढलं. जुई कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, उपकार मानते आहे.

दुसऱ्या दिवशी परत लव! परत झाडली. आणि तेव्हा दिसलं, हिच्या छातीवरचे, पोटावरचे केस गेलेले. खाली गुलाबी कातडं.

म्हटलं, खरूज!

आता तुम्हीच सांगा, सहा महिने मी त्या सशिणीला शिव्या घातलेल्या. ती माझ्या ताब्यात असताना मेली, तर कोण म्हणेल रोगानं मेली? म्हातारा टपूनच बसला होता, म्हणतील. आणि सूनबाई तोंडानं काही म्हणणार नाही. तेच वाईट. बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

खोबरेल तेलात हळद कालवली आणि तिच्या पोटाला चोपडली. पांढरी सशीण, पुढनं पिवळी! म्हातारीनं बघितलं अन् ती एकदम कानडीत गेली. ती अक्कलकोटाच्या खालची, राग आला की मराठी विसरते.

"निमगेन हुच्च हिडदैती?" म्हणजे, तुम्हाला याड लागलंय का?

"खरूज हाय तिला. तू गप बस."

"पोटुशी हाय ती! हळद लावून लगीन लावताय व्हय तिचं?"

संध्याकाळी फोन आला. "मामा, झाली का?"

"होईल की."

"खाती का नीट?"

"खाती की!" म्हटलं. कुठली खाते? गाजर सकाळपासनं तसंच पडलेलं.

एकतीस गेला. बत्तीस गेला. पिल्लाचा पत्ता नाही. रोज पहाटे लव, रोज माझी केरसुणी. तेहतिसाव्या दिवशी तर ती तोंडात गवताची काडी धरून ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात पळायला लागली. थांबते, माझ्याकडं बघते, परत पळते. म्हटलं, कळ अडकली. म्हशीची कळ अडकली की आम्ही बाजरीचं आंबील देतो, गूळ घालून. तेही केलं. तिनं मागच्या पायानं वाटी अशी उडवली, की सगळं आंबील माझ्या धोतरावर!

मग मी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकलं आणि बसलो. सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत. डोळे तिच्यावर. जेवण गोड लागेना. जरा हलली की मी उठून वाकून बघायचो, तिची कुशी वर-खाली होते का नाही.

म्हातारी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी तीन बाळंतपणं झाली. एकदा तरी कारखान्याची पाळी बुडवून आला होता का?"

मी म्हटलं, "तुजी आई हुती की तितं. हिला कोण हाय?"

ती आत गेली. भाकरी तिथंच आणून दिली.

चौतिसाव्या दिवशी सकाळी सशीण एका अंगावर पडून धापा टाकत होती. मी थांबलोच नाही. भाजीच्या बुट्टीत टॉवेल अंथरला, वर एक झाकला, रिक्षा केली आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथं शेळ्या, एक कुत्रं, एक लंगडी कालवड. मी बुट्टी छातीशी धरून ओरडलो, "सरका, बाळंतीण अडलीया!" लोक घाबरून सरकले. टॉवेलातनं दोन कान वर आले, तेव्हा एकमेकांकडं बघायला लागले.

डॉक्टरीण पोरसवदा होती. पण हात चांगला. पोट चाचपलं, कानाला नळी लावली. मी बुट्टी धरून उभा.

"पिल्लं आहेत आजोबा. हलतायत. पण उशीर झालाय. हे पिवळं काय?"

"हळद-तेल. खरूज झालीया तिला."

"खरूज नाही ही. सशीण व्यायच्या आधी स्वतःच्या पोटाचे केस उपटते. पिल्लं उघडी जन्मतात ना, त्यांना ऊब लागते. त्यांच्यासाठी गादी करते ती. गादी केली होती का हिनं?"

मी बुट्टीतला टॉवेल उगीच नीट केला.

"केली हुती."

"मग?"

"झाडली."

"किती वेळा?"

"रोज."

मागं कालवडवाला होता, तो खोकल्याचं नाटक करायला लागला.

"आणि जवळ कोण बसतं?"

"मीच की. दिवसभर."

"आजोबा, तिला आडोसा लागतो. तुम्ही टक लावून बसल्यावर ती कशी विणार? गादी मोडली की ती परत करते, तुम्ही परत झाडता. अंगात त्राण राहिलं नाही तिच्या." डॉक्टरणीनं सुई भरली. "हे देते. संध्याकाळपर्यंत सुटली नाही तर परत आणा, पोट उघडावं लागेल. मग आईचीसुद्धा खात्री देता येणार नाही. घरी जाऊन तिचे केस तिला परत द्या. कुठं टाकलेत?"

आता इथं मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आमच्या सोलापुरात मागावरचा माणूस लव कधी फेकतो का हो? गोळा करतो, उशीत भरतो.

"माज्या उशीत हायत," मी म्हटलं.

"काय?"

"चार दिवस त्यावरच झोपतोय."

ती डॉक्टरीण हसून खुर्चीतच वाकली. लंगडी कालवडसुद्धा माझ्याकडं बघत होती.

घरी आलो. सुरीनं उशी टराटरा फाडली. कापूस वेगळा, तिचे केस वेगळे, म्हातारी अन् मी दोघं जमिनीवर बसून निवडत होतो. घाईत केस माझ्याकडनं उडायला लागले. म्हातारी म्हणाली, "हळू. मी बघते." खोक्यात गवत घातलं, वर ते केस. पिंजऱ्यावर चादर टाकली. आणि म्हातारीनं मला दंडाला धरून खोलीच्या भाईर काढलं, दार ओढून घेतलं.

मी उंबऱ्यावर बसलो. किती वेळ? कुणास ठाऊक. आतनं एकदा खसखस आली, मग काहीच नाही. मी विठ्ठलाचं नाव घेतलं, सिद्धेश्वराचं घेतलं, कुणाला सोडलं नाही. त्या सशिणीला मी काय काय बोललो होतो, ते सगळं आठवलं. मनात म्हटलं, बाई, जग. भुंकली नाहीस तरी चालेल.

उन्हं कलल्यावर म्हातारी आत गेली. चादर उचलली. वाकून बघतच राहिली.

"अगं बोल की!"

"केस हलायलेत," ती म्हणाली. "खाली सहा हायत. आई पाणी पितीया."

मी भिंतीकडं तोंड केलं. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सूनबाई! म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. सगळं सांगितलं. लव, केरसुणी, हळद, आंबील, उशी. पलीकडनं नुसते हुंदक्यासारखे आवाज. मला वाटलं, रडते आहे.

"सूनबाई, चुकलं माजं. शिव्या घाल, पर बोल."

"मामा," ती म्हणाली, आणि आवाज हसण्यानं फुटत होता, "तुम्हाला काय शिव्या घालू? मी निघताना आत्यांना सांगून आले होते. म्हटलं, सशिणीचं काही नाही, तिचं तिला कळतं. लक्ष मामांकडं ठेवा."

मी म्हातारीकडं बघितलं.

"ठेवलं हुतं की," म्हातारी म्हणाली, "पर तुमी पहाटे पाचला झाडायचा, तवा मी झोपेत असती."