कोरडोबाचा खड्डा

लोखंडाच्या खाणीतल्या त्या मुकादमाला तोंडावर सगळे मुकादमसाहेब म्हणत आणि पाठ फिरली की कोरडोबा. पावसाळ्यात आजूबाजूच्या खाणी तुडुंब भरून बंद पडायच्या, याची तेवढी चालू. "माझ्या खड्ड्यात बेडूकसुद्धा पाय धुवायला येत नाही," असं तो छाती फुगवून सांगे. लोक हसत. त्यांना नोकरी टिकवायची होती.

खड्ड्यातलं पाणी उपसून लांब पाइपाने टेकाडापलीकडच्या तळ्यात टाकायचं, तिथे लाल गाळ खाली बसू द्यायचा आणि मग निवळलेलं पाणी पुढे सोडायचं, अशी खाणीची पद्धत. पण पाणी टेकाडावर चढवताना पंपांना धाप लागायची. कोरडोबाने डोकं चालवलं. पाइप मध्येच कापला आणि त्याचं तोंड जवळच्या नाल्यात सोडलं. उपसा दुप्पट झाला. खाणीच्या साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून त्याची मान अशी ताठली, की दाढी करतानाही वाकेना.

तो नाला कामगारांच्या वस्तीला खेटून जायचा. सखल गल्लीत लाल चिखल शिरला, तेव्हा तिथल्या बायका हातात बरबटलेली भांडी घेऊन खाणीच्या फाटकावर आल्या.

"लोखंड आहे त्यात," कोरडोबा म्हणाला. "अंगी लागेल."

त्याचं स्वतःचं घर पलीकडच्या उंच गल्लीत, पाच पायऱ्यांवर. त्यामुळे विनोद करायला त्याला कसलीच अडचण नव्हती.

मग एकदा पाऊस धरून बसला. खड्ड्याच्या तळाशी पोकलेन होतं. पंपवाला म्हणाला, "मामा, मशीन वर काढून ठेवू या." हा पंपवाला त्याचा सख्खा भाचा.

"वर न्यायला अर्धी पाळी जाते. साहेब येतायत कोरडा खड्डा बघायला. सगळे पंप चालू कर!"

पंप गरजू लागले. नाल्यावरच्या मोरीत याच खाणीचा गाळ साचून दगड झाला होता. एवढ्या पाण्याला पुढे वाट पुरेना. सखल गल्ली भरली आणि पाणी निवांतपणे उंच गल्लीच्या पायऱ्या चढलं.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, पाणी आलंय."

"खड्ड्यात? शक्यच नाही!"

"खड्डा घाला चुलीत! घरात आलंय. तुमच्या आईंना जेवणाच्या टेबलावर बसवलंय. त्या विचारतायत, हे पाणी कोणी सोडलं. काय सांगू?"

कोरडोबाच्या तोंडाला कोरड पडली. त्याच्या आईला पोहता येत नव्हतं आणि टेबलाचा एक पाय मुळातच लुळा होता. 'उद्या बसवतो' म्हणत तो पायही त्यानेच तसा ठेवला होता. त्याने खाली पोकलेनकडे पाहिलं. पंप थांबले की ते गेलंच. त्याच्याबरोबर पाठीवरची थापही जाणार.

"किती चढलंय?"

"टेबलाखाली बोटभर जागा उरलीय. साहेबांना विचारून सांगता का?"

"बंद कर!" तो भाच्यावर ओरडला. "सगळे बंद कर!"

"परवा त्या बायका हेच म्हणत होत्या, मामा," भाचा म्हणाला आणि त्याने एकेक खटका खाली ओढला.

घरातलं पाणी टेबलाच्या फळीला शिवून ओसरू लागलं. खड्ड्यातलं मात्र चढत राहिलं. साहेब पोचले तेव्हा पोकलेनचा तेवढा हात पाण्याबाहेर होता, वर्गात बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखा.

"हे काय?" साहेब किंचाळले.

"पाणी आहे, साहेब," कोरडोबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हे कबूल केलं असावं.

मुकादमकी गेली. दुसऱ्या दिवशी कापलेला पाइप पुन्हा टेकाडावर न्यायला माणसं लावली, त्यांत खांदा द्यायला कोरडोबाही होता. वाट सखल गल्लीतूनच जात होती. बायका उंबऱ्यांवरचा लाल चिखल खरवडत होत्या. त्यातल्या एकीने हातातला खराटा थांबवून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. लाल चिखलात तो मानेपर्यंत माखला होता.

"अगं बघा," ती शेजारणीला म्हणाली, "लागलं की अंगी!"

कोरडोबाने मान खाली घातली. आता ती व्यवस्थित वाकत होती.