चौकटबुवांचा आरसा

चौकटबुवांना साधा रस्ता विचारला तरी ते तोंडानं सांगत नसत. तिथंच खाली बसायचे, बोटानं धुळीत चौकटी आखायचे आणि एकेक भरत जायचे. ही स्टेशनची, ही कापसाच्या बाजाराची, ही तुम्ही उभे आहात ती. मागं बैलगाडी खोळंबून गाडीवान शिव्या घालत असला तरी नकाशा पुरा झाल्याशिवाय बुवा उठत नसत. विचारणारा बिचारा कंटाळून दुसऱ्या कुणाला विचारायला निघून गेलेला असायचा, पण बुवांना त्याचं काही नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली ही गोष्ट. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक विणकामशाळा होती. बुवा तिथं नक्षीचे मास्तर होते. खरं नाव हजेरीपटावर असेल, हाक मात्र सगळे चौकटबुवा अशीच मारत. मी तिथं बाविसाव्या वर्षी शिक्षिका म्हणून लागले. मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि आपल्याला सगळं येतं असा ठाम समज. त्या समजाची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली.

नक्षीच्या मागावर वरून चोवीस दोऱ्या लोंबत. ठरलेल्या दोऱ्या ओढल्या की त्यांचे धागे वर उचलले जायचे, खालून आडवा धागा घेऊन धोटा जायचा, नक्षीची एक ओळ व्हायची. मागाला स्वतःचं डोकं नसतं. त्याला प्रत्येक ओळ सांगावी लागते. बुवा ती चित्रातून सांगत. आखलेल्या कागदावर गेरूनं चौकटी भरायच्या, भरलेली चौकट म्हणजे ओढायची दोरी. मी ती अक्षरांतून सांगे. वहीत ओळीनं आकडे लिहायचे: तीन, चार, नऊ, दहा. त्याला मी 'पाठ' म्हणत असे. माझ्या पाठावर मुली भराभर विणत. बुवांच्या चित्रापुढं त्या अर्धा तास डोकं खाजवत बसत, हे मी बुवांना ऐकू जाईल अशा बेतानं सगळ्यांना सांगत असे.

यावरून आमची रोज जुंपायची. "बाई, तुमच्या वहीत मले झाड नाई दिसत," बुवा म्हणायचे. मी म्हणायची, "झाड कापडात दिसायचं, बुवा, वहीत कशाला?" त्यावर ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. म्हणजे आता लांबण लागणार. "चित्र चुकलं तं कोनालेही दिसते. आकडा चुकला तं तो दुसऱ्या आकड्यासारखाच सोज्वळ दिसते. त्याले मी भेतो." आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे: "कागद वरून चालते, कापड खालून वर येते. एवढं इसरू नका." मी ते ऐकून ऐकून इतकी विटले होते की ऐकेनाशी झाले होते. माझे तोवरचे सगळे पाठ साध्या किनारींचे होते. वरून वाचा, खालून वाचा, नक्षी तीच.

त्यांच्याजवळ एक आरसा होता, दाढीचा, तळहाताएवढा. आमच्याकडे नक्षीचं तोंड मागावर खालच्या बाजूला असायचं. वरून दिसायची ती मागची बाजू, नुसते सुटे धागे. म्हणून बुवा तास-दीड तासानं मागाखाली वाकायचे, आरसा धरायचे आणि आपण काय केलं ते बघायचे. बघून झालं की स्वतःशीच म्हणायचे, "आहे." बस, एवढंच. मग आरसा धोतराला पुसून कोनाड्यात. मुली त्यांची नक्कल करून हसत. मीही हसले आहे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, वर्षभरात. आधी चित्र नाकाशी धरायला लागले, मग चौकटींना सुईनं टोचे पाडून बोटांनी चाचपायला लागले. शाळेच्याच एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहत. शेती नाही, मूलबाळ नाही. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बुवा, एक पूर्ण चादर विणून दाखवा. कुणाची मदत घेतलीत तरी चालेल. चादर नीट उतरली तर जागा आणि खोली तुमची. नाही तर मला नवा माणूस बघावा लागेल."

बुवांनी पऱ्हाटीची चादर काढली. बोंडं फुटलेलं कपाशीचं झाड, खाली तीन मुळ्या, अशा झाडांच्या चार रांगा. पहिली रांग त्यांनी आठ दिवस खपून, कागद डोळ्यांना लावून, स्वतः विणली. नवव्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. टोपी हातात होती. "बाई," ते म्हणाले, "चौकटी आता पाण्यात पडल्यावानी दिसून राह्यल्या. तुमचा तो पाठ सांगसान का मले?"

मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण आधी आनंदच झाला. रविवारी दुपारी बसून मी त्या झाडाचा पाठ उतरवला, सुबक अक्षरात. सोमवारपासून मी शेजारी बसून आकडे वाचायची आणि बुवा दोऱ्यांच्या गाठी चाचपून बरोबर तीच दोरी ओढायचे. एकदाही चुकले नाहीत. आकडा माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यांचा हात दोरीवर असे. त्यांना दिसत नाही हे मी विसरून जाई.

दुसरी रांग पुरी झाली तेव्हा बुवा म्हणाले, "बाई, जरा आरसा धरून पाह्यता का? झाड कसं आलं?"

आरसा कोनाड्यात होता. मागाखाली कचरा, कापसाची पिंजण, कोळिष्टकं. मी त्या दिवशी धुवट पांढरं लुगडं नेसले होते. आणि बघायचं काय होतं त्यात? वही माझी होती. मी जागेवरूनच म्हटलं, "पाहिलं, बुवा. छान आलंय."

त्यांनी दोरीची गाठ एकदा चाचपली. मग म्हणाले, "बरं." आणि पुढच्या आकड्यासाठी हात वर केला.

चादर मागावरून उतरली त्या दिवशी बुवांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांची बायको दाराशी पदर खोचून उभी होती. व्यवस्थापकांनी चादर टेबलावर पसरली. पहिल्या रांगेतली पऱ्हाटी सरळ उभी होती. वरच्या तिन्ही रांगांत झाडं मुळ्या वर करून, बोंडं खाली करून लोंबत होती. हंगाम संपल्यावर उपटून शेताच्या धुऱ्यावर फेकतात ना, तशी. मला तिथंच कळलं. मी बुवांचं चित्र वरच्या ओळीपासून उतरवलं होतं, जसं पत्र वाचतात तसं, म्हणून आधी विणायच्या मुळ्या शेवटी आल्या. बुवांनी शंभरदा सांगितलेलं तेवढंच मी विसरले होते.

"झाडं उलटी आली, बुवा," व्यवस्थापक हळू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही बरोबर वाचलंत ना?"

वही माझ्या काखेत होती. नोकरीत मी अजून कायम झाले नव्हते, घरी माझ्यामागं दोन बहिणी होत्या. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कारण नाही. मी म्हटलं, "वहीत होतं तसंच वाचलं."

बुवांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. रागानं नाही. दोरी चाचपताना वळवत तशी. मग व्यवस्थापकांना म्हणाले, "मंग माह्याच हातून झालं असन, साहेब. हात आता पह्यल्यासारखे नाई राह्यले."

आठवड्यात खोली रिकामी झाली. ते सेलूकडच्या एका खेड्यात, मेहुण्याच्या आश्रयाला गेले. आरसा कोनाड्यातच राहिला होता. तो परत द्यायच्या निमित्तानं मी दिवाळीनंतर तिथं गेले. खरं बोलायचं हे वाटेत पाठ करत गेले होते. बुवा अंगणात बाजेवर बसले होते, पूर्ण आंधळे. माझी चप्पल वाजताच म्हणाले, "या, बाई." आरसा हातात दिला तर त्यांनी तो सवयीनं धोतराला पुसला आणि माझ्याचकडे परत केला. "मले कायले आता? तुमाले लागन."

मग मी सांगितलं. पाठ वरून उतरवला होता, आणि त्या दिवशी आरसा धरून मी पाहिलंच नव्हतं.

"माहीत हाय," बुवा म्हणाले.

"कसं?"

"वाकलं का तुमच्या बांगड्या वाजतात, बाई. त्या दिवशी नाई वाजल्या."

मी रडायला लागले. "मग तेव्हाच का नाही बोललात? तिथंच थांबवायचं. दोन रांगा तरी वाचल्या असत्या."

बुवा बोटानं बाजेवर चौकटी काढू लागले. "तुमी पाह्यलं म्हणाल्या," ते म्हणाले. "आता मले तुमच्याच डोळ्यानं पाह्यनं होतं. त्यायलेही खोटं म्हटलं असतं, तं मंग माह्यापाशी राह्यलं काय?"

व्यवस्थापकांना सगळं सांगते म्हणून मी तिथून निघाले. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं आणि बुवा वारल्याचं कळलं. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला माझे पाठ फार आवडत.

माझा नातू कॉम्प्युटरला काम सांगायचं शिकतो. त्याच्या मित्रांत दोन तट आहेत. एकांना ओळीनं आज्ञा लिहायला आवडतं, दुसऱ्यांना पडद्यावर रंगीत चौकटी जोडायला. घरी जमले की तावातावानं भांडतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि माझे हात थांबतात. माझं आणि बुवांचंच भांडण चाललेलं असतं, फक्त मधेच "बरं" म्हणणारा माणूस त्यात नसतो.

तो आरसा माझ्या देवघराच्या फळीवर आहे. मागचा मुलामा उडालाय, चेहरा दिसत नाही. कधी कधी नातू हाक मारतो, "आजी, हे बघ ना, बरोबर झालंय का?" मी उठून जाते. गुडघे दुखतात, तरी त्याच्या खुर्चीशी पार खाली वाकते. बांगड्या वाजतात. त्यातलं मला अक्षरही कळत नाही. पण जागेवरून मी "छान" म्हणत नाही.