ज्येष्ठेच्या निऱ्यांतली रेल्वे

चहा हातात असन तर आधी खाली ठेवा, मंग सांगतो. आपल्या जिल्ह्यात बह्याडपणा, येडेपणा करणारे लय होऊन गेले. पण घरी आलेल्या महालक्ष्मीले एका दिवसात जाडी करून ठेवणारा माणूस एकच, अन् तो आत्ता तुमच्यासमोर बसला आहे.

हसू नका बापा. अजून मी काही सांगितलंच नाही.

माह्यं चिखलीत मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारी येतात, मी जुनी तार उकलतो अन् नवी भरतो. आता चिखलीत काय नाही? बाजार आहे, कॉलेज आहे, एसटी आहे, जीपा आहेत. नाही ती फक्त रेल्वे. गाडीत बसायचं म्हटलं की आधी मलकापूर नाही तं शेगाव गाठा. मी म्हटलं, सरकार आणन तेव्हा आणन, आपण घरात आणू. खेळण्यातलं नाही हो, अस्सल रेल्वेची हुबेहूब छोटी नक्कल, इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, सगळं मागवलं. हे मी पलंगावर मांडायचो, अन् सुनंदा, म्हणजे माही बायको, गादी झटकायले आली की पूर्ण लाईन खाली जायची.

तेवढ्यात, मागच्या साली, वयनीचा गुडघा धरला. वयनी म्हणजे माह्या मोठ्या भावाची, दादाची बायको. ते हिवरा आश्रमले राहतात. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा अन् कनिष्ठा, वयनी लग्न होऊन आल्या तवापासून त्यांच्याच घरी बसायच्या. पण आता खाली बसणं-उठणं होईना, म्हणून त्यांनीच निरोप धाडला की यंदा चिखलीले बसवा, मी येते सगळं सांगायले.

सुनंदाची झोपच उडाली. इतकी वर्षं वयनीनं जिवापाड केलेलं काम आपल्याकडं आलं, त्यात उणं राह्यलं तं लोक बोलतीन, अन् जास्त झालं तं वयनीले लागन. तिचं एकच म्हणणं होतं, देवी इथं बसली तरी ती वयनीचीच आहे, त्यांचं मन दुखलं नाही पायजे. बिचारी बरोबर बोलत होती. पण माह्या डोक्यात तोवर इंजिन सुरू झालं होतं.

मी म्हटलं, आरास माह्याकडं. तीन मजली रेल्वे करतो. खाली गाव, मधात घाट, वर देऊळ. गाडी गावातून लाडू भरून निघन अन् घाट चढून थेट ज्येष्ठेच्या खांद्यापाशी पोचन. सुनंदानं माह्याकडं तसं पाह्यलं, जसं मी जळक्या मोटारीकडं पाहतो. शेवटी हो म्हणाली, पण अटी घातल्या. दिवाण हलणार नाही, फ्रिज हलणार नाही, बायांची बसायची जागा जाणार नाही.

आता आमची समोरची खोली तुम्ही पाह्यली आहे. दोन पाव्हणे आले की तिसऱ्यानं दारात उभं राहावं, एवढीशी. त्यात तीन मजले बसवायचे! अन् ह्या गाडीची एक खोड असते. तिले चढ सोसत नाही. जरा उभा चढ दिला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात अन् डबे त्याले मागं ओढतात. सोपा चढ पायजे तं रूळ लांब पायजे, अन् तेवढा लांब रूळ पायजे तं माही खोली देऊळगाव राजापर्यंत वाढवा लागते. मी कागदावर रेघोट्या मारू मारू कावलो. जेवताना ताटात वरणाची लाईन टाकून पाहायचो. ती भातावर चढायची नाही.

अन् एक दिवस दुकानात तार गुंडाळता गुंडाळता उजेड पडला. आपण बॉबिनवर तार गुंडाळतो ना? तसाच रूळ ज्येष्ठेच्या कोठीभोवती गुंडाळायचा!

कोठी तुम्हाले माहीत आहेच. पत्र्याची, उभी, छातीएवढी. तिच्यावर मुखवटा बसवतात, तिले साडी नेसवतात, अन् देवी उभी राहते. दादानं दोन्ही कोठ्या आधीच जीपनं धाडल्या होत्या. मी ज्येष्ठेची कोठी कोपऱ्यात मांडली, टेप घेतला, माप घेतलं, प्लायच्या गोल चकत्या कापल्या, रॉड उभे केले, अन् कोठीभोवती वेटोळे घालत रूळ वर नेला. कोठी अन् रुळाच्या मधात बोट जाईन एवढीच फट. मी म्हटलं, वा रे पठ्ठे, एक इंच वाया नाही गेला. आत काही बिघडलं तं शिरायले मागून, भिंतीकडून, रुळाखाली एक वाटही ठेवली. तिचं माप मी माह्या खांद्यावरून घेतलं. हे जरा ध्यानात ठेवा.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी वयनी दादासंग, मुखवटे छातीशी सांभाळत जीपमधून उतरल्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ खोलीत नेलं अन् बटन दाबलं. गाडी गावातून निघाली, उघड्या कोठीभोवती गोल गोल चढत वर गेली अन् देवळापाशी शिट्टी मारून थांबली. माह्या अंगावर काटा आला. वयनीनं सगळं शांतपणे पाह्यलं अन् हळूच विचारलं,

“भाऊजी, साडी कुठून नेसवायची?”



तुम्हीच सांगा, असा बह्याड पाह्यला का कुठं? कोठीचं माप घेतलं, रुळाचं घेतलं, देवीच्या साडीचं माप घेतलंच नाही! निऱ्या घालायच्या तं कोठीभोवती हात फिरला पायजे. तिथं बोट अडकत होतं. खोलतो म्हटलं तं सगळ्या वायरी सोल्डर केलेल्या, अन् मुहूर्त तोंडावर. सुनंदा रडायचीच बाकी होती. पण वयनीनं कंबरेले पदर खोचला अन् म्हटलं, रुळासकट नेसवू.

एक साडी पुरली नाही, दोन जोडल्या. खाली निऱ्यांमधून गाडी आत जायले फट ठेवली, वर पदराखालून बाहेर निघायले फट ठेवली. मुखवटा बसला, हात बसले, दागिने चढले. मंग आम्ही सगळे मागं सरून पाहायले लागलो. इकडं कनिष्ठा, नेहमीसारखी सडपातळ. अन् कोपऱ्यात आमची ज्येष्ठा.  दादा घसा खाकरून म्हणाले, खात्यापित्या घरची दिसते.

संध्याकाळी बाया दर्शनाले आल्या. वयनीले खाली बसता येत नाही म्हणून त्यांना वरच्या देवळापाशी स्टुलावर बसवलं अन् हातात ताटली दिली. गाडी वर आली की लाडू उतरवून नैवेद्यात ठेवायचे, असं मानाचं काम होतं ते. मी खाली दारापाशी बटन घेऊन बसलो. मधात ही एवढी ज्येष्ठा, त्यामुळं मले ना वयनी दिसत, ना वर पोचलेली गाडी.

मी डब्यांत लाडू ठेवले अन् गाडी सोडली. ती निऱ्यांत शिरली. आतून घरघर, घरघर. मंग वरून शिट्टी ऐकू आली. बायांनी एकेकीनं हात जोडले. मीही जोडले. म्हटलं, गावाले कलेची कदर आहे.

शेजारच्या मीराकाकू पुढं सरकल्या. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. म्हणाल्या, असंच सगळं आत जाते का रे बाबू? मी म्हटलं, काकू, कितीही द्या, काही मागं येत नाही. म्हणाल्या, साक्षात आहे. मी म्हटलं, मेहनत आहे मागं. त्या म्हणाल्या, पूर्वजन्मीची.

मले वाटलं, काकूले रेल्वेतलं बरंच कळते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुरणाच्या जेवणाच्या दिवशी, सकाळपासून रांग लागली. दारातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. लोक मोटारसायकली उभ्या करून येऊन राह्यले होते. हाती स्वतःच्या घरचे लाडू, कोणाचे रव्याचे, कोणाचे बेसनाचे, एकानं तं डिंकाचे आणले. मी सगळे घेतले अन् गाडीत भरले. रेल्वे पाहायले कोणी डिंकाचे लाडू काऊन आणन, हा विचार माह्या मनाले शिवला नाही. मी त्यांना चढाचा हिशेब समजावत होतो, बॉबिनची गोष्ट सांगत होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी माह्या पायाले हात लावला. मी त्यांना उठवलं अन् म्हटलं, बाबा, कोणालेही जमते, फक्त चिकाटी पायजे.

एवढ्यात सुनंदानं मले बाहीले धरून स्वयंपाकघरात ओढलं. डोळे लाल झाले होते तिचे.

“वयनी चालल्या. जेवणार नाही म्हणतात.”

मंग तिनं रडत रडत सांगितलं अन् मले पह्यल्यांदा कळलं की माह्या घरात कालपासून काय चालू आहे. गाडी भरलेली आत जायची अन् वर रिकामी निघायची. काल वयनी ताटली घेऊन बसल्या त्या बसल्या, त्यांच्या ताटलीत एक कण पडला नाही. खाली बाया म्हणत होत्या की देवी खाते. अन् सकाळी मीराकाकू वयनीच्या देखत बोलून गेल्या की ज्येष्ठा तिकडं कशी वाळून गेली होती, इथं आली अन् एका दिवसात अंगानं भरली. वयनीनं तेव्हाच ताटली खाली ठेवली. सुनंदाले एवढंच म्हणाल्या, मंग इतकी वर्षं माह्या घरी ती उपाशी होती का?

पिशवी भरून अंगणात जाऊन उभ्या होत्या त्या. महालक्ष्म्यांच्या जेवणाले थोरली जाऊ न जेवता घरून गेली, तं ते दोघींच्या मनातून जन्मभर निघणार नव्हतं. मलेही गलबलून आलं. पण काय करता, माह्या तोंडून निघालं ते असं,

“म्हणजे लोक गाडी पाहायले नाही आले?”

त्यावर सुनंदा जे बोलली ते मी सांगत नाही.

पण लाडूचं गणित मले तिथंच उमगलं. मी रिकामे डबे चढवून पाह्यले होते, भरलेले नाही. वळणावर भरलेला डबा कलते अन् लाडू साडीच्या आत घरंगळते. सगळे लाडू खाली कोपऱ्यात पडले असतीन. ते बाहेर काढायचे, वयनीच्या पुढ्यात ठेवायचे अन् म्हणायचं, पाहा, देवी ना तिकडं उपाशी होती, ना इथं खाते, हा सगळा माहा बह्याडपणा आहे. सगळे अंगणात वयनीची समजूत घालत होते, खोली रिकामी होती. मी मागच्या वाटेनं रांगत आत शिरलो.

खांदे गेले. पोट राह्यलं.

खांद्याचं माप घेतलं होतं ना! समोर हा लाडवांचा ढीग. दोन्ही हातांत मावले तेवढे घेतले, अन् एक दातात धरला, म्हटलं पुरावा जेवढा जास्त तेवढा बरा. अन् मागं सरकायले गेलो तं सरकताच येईना. पुढं रॉड, मागं भिंत, अन् मधात मी.

तेवढ्यात आरती सुरू झाली. निघायच्या आधी आरती तरी करा, म्हणून दादानं वयनीले आत आणलं होतं. सगळी खोली भरली. मी श्वास धरला. पण पोट किती वेळ आत धरता येते? सुटलं. रॉड हालले, अन् सगळी ज्येष्ठा मुखवट्यासकट डुलली.

टाळ्या थांबल्या. मीराकाकूनं जमिनीवर लोटांगण घातलं. कोणीतरी म्हणालं की वयनी चालल्या म्हणून देवीही निघाली त्यांच्यासंग. हे ऐकलं अन् वयनीचा बांध फुटला. हातातली पिशवी टाकून त्या पुढं आल्या, नको वं माय, तू राह्य, तू कुठं जाऊ नको, असं म्हणत त्यांनी डुलणाऱ्या ज्येष्ठेचा पदर धरला.

पदर बाजूले झाला. आत मी. दोन्ही हातांत लाडू, तोंडात लाडू.

  लाडवामुळं मले बोलताही येईना. अन् मंग वयनी हसायले लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाह्यलं नव्हतं. हसता हसता त्या खाली बसल्या, ज्यांचा गुडघा वाकत नव्हता त्या.

“सुनंदा, धावत ये वं! तुही खादाड ज्येष्ठा सापडली.”

सुनंदा आली, तिनं पाह्यलं, अन् दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून हसायले लागल्या. मी लाडू गिळून वळणाचं, कललेल्या डब्याचं सांगायचा लय प्रयत्न केला. म्हटलं, अहो, मी तं कालपासून तुमच्यासमोर बटन घेऊन बसलो होतो. मीराकाकू उठून साडी झटकत म्हणाल्या की बटन दाबलं की रेल्वे आपोआप चालते, पण लाडू आपोआप संपत नाही. यावर सगळ्या आळीचं एकमत झालं.

मले ओढून पाह्यलं, निघालो नाही. शेवटी दादा माह्या दुकानातून हेक्सॉ, लोखंड कापायची करवत, आणायले गेले. तोवर पंगत बसली. वयनीनं पुरण मागून मागून घेतलं. सुनंदानं विचारलं, ह्यांचंही ताट वाढू का आत? वयनी म्हणाल्या, कशाले? काल संध्याकाळपासून ते जेवूनच राह्यले.

मी आतून ऐकत होतो अन् खरं सांगतो, मले लय बरं वाटलं. वयनीचा आवाज मोकळा झाला होता. म्हटलं, जाऊ द्या, लाडू खाल्ल्याचा आळ आपल्यावर राहू द्या. दादा आले, रॉड कापले, चकत्या कापल्या, तीन मजली रेल्वेचे तुकडे झाले, अन् मी निघालो.

यंदा वयनीचा गुडघा बरा आहे, म्हणून महालक्ष्म्या परत हिवरा आश्रमले बसल्या. आम्ही दोघं गेलो. ज्येष्ठा पुन्हा सडपातळ झाली होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले अन् नमस्काराले आत जाणार, तं वयनी दारातच उभ्या. माह्या हाती लाडवांचा गच्च भरलेला डबा दिला अन् अंगणातल्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

“भाऊजी, यंदा बाहेर बसून खा.”