बुटक्याची आठवी इयत्ता

आम्ही बनवलेल्या जगात मोठी नदी एकच होती आणि ती पश्चिमेकडं वाहायची. तापीच्या काठची पोरं जग बनवायला बसल्यावर दुसरं काय होणार? आमच्यातल्या धुळ्याच्या पोरानं भांडून तिला एक उपनदी जोडायला लावली. त्या उपनदीला पाणी नव्हतं, पण पूल होता. उत्तरेला डोंगर, डोंगरात राक्षस, दक्षिणेला लेणी, लेण्यांखाली भुयारं. मधल्या काळ्या जमिनीत केळी. हा सगळा नकाशा कापडाच्या गाठींना गुंडाळून येतं त्या जाड्याभरड्या कापडावर बॉलपेननं काढलेला होता, आणि केळीचे बाग काढण्यातच आमचं निम्मं पेन संपलं होतं.

ऐंशीचं दशक नुकतंच संपलं होतं आणि आम्ही चौघं जळगावात कॉलेजात होतो. आमच्यातल्या एकाचे वडील वकील. त्याच्या परदेशातल्या चुलतभावानं त्याला एका खेळाचा डबा दिला होता. खेळ अजब होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. समोर बंद दार आहे, काय करता? एक म्हणणार ठोठावतो, दुसरा म्हणणार लाथ घालतो, आणि दार उघडलं की नाही ते फासा सांगणार. डब्यात नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं. फासे मात्र वाटेत कुठंतरी गळाले होते.

फाशांना वीस बाजू असायला हव्या होत्या. जळगावच्या बाजारात असला फासा मागितल्यावर दुकानदारानं आमच्याकडं असं पाहिलं की आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटी दुकानवाल्या मित्राच्या घरातला हौजीचा संच कामाला आला. हा मित्र जैन मारवाड्यांचा, कापडाचं दुकान असलेला. एक ते वीस आकड्यांच्या गोट्या स्टीलच्या फुलपात्रात टाकायच्या, खडखडवायच्या आणि न बघता एक काढायची; आकडा जितका मोठा तितका पराक्रम मोठा. पण विसाच्या गोटीचा टवका उडालेला होता आणि बोटांना तो बरोबर लागायचा. आठवडाभर आम्ही सगळे महापराक्रमी होतो. मग नियम झाला की गोटी काढताना हाताला रुमाल गुंडाळायचा, आणि रुमाल दुसऱ्याचा हवा. हा आमचा पहिला घरगुती नियम.

तिथून जी सुरुवात झाली ती थांबेचना. दुकान बंद असेल त्या दुपारी गोदामात गाठींवर बसून आम्ही दर वेळी एखादा नियम पाडायचो आणि एखादा बांधायचो. पुस्तकात योद्धे अंगभर लोखंडी चिलखत घालून हिंडत. आमच्याकडं वैशाखात असलं चिलखत घालून घराबाहेर पडणारा माणूस राक्षसाच्या हातून कशाला मरेल? नियम झाला: उन्हाळ्यात चिलखत घातल्यास दुपारपर्यंत निम्मं बळ खलास. राक्षसही उन्हाचे बाहेर पडत नसत. त्यामुळं आमच्या जगात एप्रिल-मे महिन्यांत कसलंच संकट नसे आणि शूरवीर घोंगडी अंथरून झोपा काढत.

दुकानवाल्यानं आपला योद्धा जैन केला. तो सूर्यास्तानंतर जेवायचा नाही. कबूल. पण भुयारात सूर्य मावळला हे कळायचं कसं? मग सगळ्या मोहिमा संध्याकाळी बाहेर यायच्या, योद्धा जेवून घ्यायचा आणि पुन्हा खाली उतरायच्या. राक्षसांनी तोवर थांबावं असंही ठरलं. हाच दुकानवाला स्वतः रात्री नऊ वाजता गाडीवर उभा राहून पाणीपुरीची तिसरी प्लेट मागायचा. त्याला म्हटलं तर म्हणे, माझं सोड, तो धर्माचा पक्का आहे.

धुळ्याचा वसतिगृहात राहायचा. त्यानं चोर घेतला होता. डोंगरातले राक्षस कोणती भाषा बोलतात, असा प्रश्न निघाल्यावर हा म्हणाला, डोंगरातले म्हणजे आमच्याकडलेच, दुसरं काय बोलतील? राक्षसांची भाषा अहिराणी ठरली. परिणाम असा झाला की एखादा अक्राळविक्राळ समोर आला, आम्ही तलवारी उपसल्या, की हा पुढं होऊन विचारायचा, "कोन गावना शे रे भो? जेवन व्हयनं का?" राक्षसाला लढायला काही तोंडच उरायचं नाही. थंडीच्या दिवसांत तर एका राक्षसाच्या शेतात आम्ही भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाऊन लढाई न करताच परत आलो होतो.

गोष्ट सांगायचा मान वकिलाच्या मुलाकडं. डबा त्याचा, इंग्रजीही त्याचंच चांगलं. शिवाय आपला स्वतःचा एक वीर, माणूस जातीचा, तो खेळात फिरवायचाच. न्यायाधीशानंच फिर्यादही लावण्यातला प्रकार, पण आम्ही चालवून घेतलं. बोलायला गोड, वागायला मोकळा. मी जात मानत नाही, असं तो न विचारता सांगायचा.

आणि मी बुटका. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचलो, तोवर माणसं सगळी वाटून झाली होती. उरला होता खाणी खोदणारा, दाढीवाला बुटका. या पुस्तकात एक गंमत होती. माणूस असेल तर तो योद्धा व्हायचा की चोर की जादूगार, हे त्यानं ठरवायचं. बुटक्याला तसलं काही नाही. बुटका जन्मला की तो बुटका, तीच त्याची जात आणि तोच त्याचा धंदा. मी बौद्ध घरातला, माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. वकिलाच्या मुलानं हे वाचून दाखवलं तेव्हा मीच पहिल्यांदा हसलो. म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडचंच पुस्तक दिसतंय. तेही तिघं हसले, जरा जास्तच मोठ्यानं.

पण बुटका मला आवडायला लागला. त्याला अंधारात दिसायचं. जमिनीखाली कुठं पोकळ आहे, कुठली फरशी पायाखालून सरकेल, हे त्याला वासानं कळायचं. म्हणून घरगुती नियम झाला की भुयारात बुटक्यानं पुढं चालायचं. फरशी सरकली तर आधी तो, भाला आला तर आधी त्याला. मागून योद्धा, चोर आणि तो वीर येत, कंदील धरून. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर अभिमानच वाटायचा. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

खेळात पराक्रमाप्रमाणं वर चढता यायचं. प्रत्येक पायरीला आम्ही इयत्ता म्हणायचो. बुटका पहिलीतून दुसरीत गेला, असं करत करत आठवीत पोचला. एवढे घाव सोसलेला आमच्यात दुसरा कुणी नव्हता. एका दुपारी लेण्यांखालचं सगळ्यांत मोठं भुयार संपलं आणि वकिलाच्या मुलानं निकाल जाहीर केला. योद्धा नववीत, चोर नववीत, त्याचा वीर दहावीत.

"आणि बुटका?" मी विचारलं.

"बुटका आठवीतच. त्याला आठवीच्या पुढं जाता येत नाही," तो म्हणाला. "माणसाला हद्द नाही. बुटक्याला आहे. पुस्तकात लिहिलंय."

मी म्हटलं, बदल ना मग. त्यानं पुस्तक उचललं, त्या पानावर बोट ठेवलं आणि अगदी मनापासून दुखावल्यासारखं म्हणाला, "असे नियम बदलायला लागलो तर खेळाला अर्थ काय राहील?"

मला राग आला. खूप राग आला. ज्या माणसानं उन्हासाठी चिलखत उतरवलं, एका पाणीपुरी खाणाऱ्याच्या योद्ध्यासाठी राक्षसांना थांबवलं, राक्षसांना अहिराणी शिकवली, त्याला नेमकं या एका पानावर पुस्तक पवित्र वाटायला लागलं होतं. त्या वर्षी कॉलेजच्या कट्ट्यावर राखीव जागांवरून रोज भांडणं चालायची. आमच्या गोदामात मात्र तो विषय कधी निघाला नव्हता. आम्ही मित्र होतो ना.

तिघांनाही वाईट वाटलं हे कबूल केलं पाहिजे. माझ्यासाठी लगेच तोडगे निघाले. दुकानवाला म्हणाला, इयत्ता राहू दे, आपण बुटक्याचा सत्कार करू, शाल, श्रीफळ, राजाच्या हस्ते. मी म्हटलं, नारळ फोडून भुयारात टाकू का? मग धुळ्याचा म्हणाला, "तहसीलमाईन दाखला काढा ना याना. माणूस शे म्हनीसन." त्यानं गमतीनंच म्हटलं होतं. पण वकिलाच्या मुलाचे डोळे चमकले. माणूस असल्याचा दाखला मिळाला की बुटका कागदोपत्री माणूस, मग नववी, दहावी, सगळं खुलं. पुस्तकालाही धक्का नाही. यावर त्यानं एक आख्खी मोहीम रचली.

पुढच्या खेपेला आम्ही निघालो. नकाशावर एरंडोलच्या जागी तालुक्याचं गाव होतं, तिथं कचेरी. मला आजही मानावं लागतं, आमच्या सगळ्या भुयारांत ही कचेरी अव्वल होती. दारात शिपाई, तो चोराकडून विडी मागून घेतो. आत कारकून, तो जेवायला गेलेला. तो आला तर साहेब जामनेरला दौऱ्यावर. साहेब आले तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली पहूरला, कारकुनाच्या सासुरवाडीत. दुकानवाला हसून गाठीवरून खाली घसरला. मीही हसत होतो. तलवारीनं न मरणारा हा कारकून वकिलाच्या मुलानं नाकात बोलून फार झकास वठवला होता.

मग तो कारकून चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "अर्ज ठीक आहे. अर्जदाराचे वडील माणूस असल्याचा पुरावा?"

तिघंही खो खो हसले. माझं हसू गेलं. कॉलेजच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या दाखल्याकरता माझे वडील, स्वतः कचेरीतले कारकून, दुसऱ्या कचेरीच्या बाकावर सकाळपासून बसून राहिलेले मी पाहिले होते. इस्त्रीचा शर्ट घालून. वकिलाच्या मुलाला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं याचाच मला जास्त राग आला. मी हाताचा रुमाल सोडला, ज्याचा होता त्याला दिला, म्हटलं, "बुटका दाखला मागत नाही. बुटका घरी चालला." आणि सायकल काढून निघून आलो.

घरी आलो खरा, पण करमेना. मला तो बुटका हवा होता. राग त्या तिघांचा होता आणि आठवणही त्यांचीच यायची, हा सगळ्यांत मोठा वैताग. कॉलेजात आम्ही एकमेकांना टाळत होतो, म्हणजे रोज एकमेकांकडं बघून दुसरीकडं बघत होतो.

असे बरेच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी तिघं आमच्या घरी आले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आमच्या गल्लीत ते पहिल्यांदाच येत होते. घर विचारत विचारत आले असणार, कारण मागून गल्लीतली निम्मी पोरं आली. आईनं सतरंजी टाकली आणि चहा ठेवला. धुळ्याच्यानं बसल्या बसल्या हकिगत सांगून टाकली. "तुनाबिगर बठ्ठा खड्डामा पडेल शेतस. भाईर काढाले कोनी नही." बुटक्याविना ते तिघं नव्या भुयारात उतरले होते आणि पहिल्याच फरशीला खाली गेले होते. तेव्हापासून खेळ तिथंच अडकला होता.

बाहेर दिवस मावळत होता. दुकानवाल्यानं सबब शोधायला खिडकीकडं पाहिलं नाही, कप उचलला आणि चहा पिऊन टाकला. मला बरं वाटलं.

वकिलाच्या मुलानं पिशवीतून पुस्तक काढलं. घसा साफ केला. "आम्ही तिघांनी विचार करून ठरवलंय," तो म्हणाला. "दाखला वगैरे काही नको. आजपासून तुझ्या बुटक्याला आपण माणूस धरायचं."

तो हे फार प्रेमानं म्हणाला. चेहऱ्यावर मोठं मन केल्याचा आनंद होता. मी म्हटलं, "माणूस नको. बुटकाच राहू दे. बुटका म्हणूनच नववीत घाल."

"पण मग माणसात आणि बुटक्यात फरक काय राहिला?"

"दाढीचा," मी म्हटलं.

धुळ्याचा हसला. वकिलाच्या मुलानं ते पान उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटी त्यानं पेन काढलं आणि ती ओळ खोडली, एका बारीक रेघेनं, खालचं सगळं वाचता येईल अशी. आमच्याच सतरंजीवर नकाशा पसरला. फुलपात्र दुकानवाल्यानं बरोबर आणलंच होतं. बुटका नववीत गेला. आईनं विचारलं कोण पास झालं, तर धुळ्याच्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

खड्ड्यातून तिघांना मी दोर टाकून बाहेर काढलं. पुढं भुयार आणखी खोल जात होतं. वकिलाचा मुलगा गोट्या खडखडवत सहज म्हणाला, "काय बाबा, हल्ली बुटक्यांचेच दिवस आहेत."

कुणी हसलं नाही. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो घाईनं गोष्टीवर आला. म्हणाला, समोर अंधार आहे, फरशी ओली आहे, आतून कसला तरी आवाज येतोय. नेहमीप्रमाणं बुटका पुढं ना?

मी रुमाल उचलला आणि त्याच्या हाताला स्वतः गुंडाळून दिला.

"आज तू पुढं चाल," मी म्हटलं. "मी मागून कंदील धरतो."