डावी पाकळी

घरातल्या माणसाचं काळीज फाडून जोडायची वेळ आली, तर तुम्ही देवाला विचारून होकार द्याल का?

माझी आई देवाला विचारायला गेली. बाबा डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचे. छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. दुसऱ्याच दिवशी आई पेडण्याला माहेरच्या ग्रामदेवतेपुढे कौल लावायला निघाली. असल्या कौलांविरुद्ध मी कॉलेजात पत्रकं वाटलेली. तिला अडवायचंच, या इराद्याने मीही बसमध्ये चढले.

गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवल्या. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. आईने डोळे मिटून मनातल्या मनात विचारलं. पडली ती डावी.

माझा तोल गेला. बाबांना काही झालं तर ही पाकळी जबाबदार, असं मी भर देवळात गुरवाला सुनावलं. तो बिचारा तांब्या धरून उभा.

आईने शांतपणे पदर खोचला. "तू गप रव गो. मी विचारलंय, भियान थांबू काय? देवी नको म्हणता."

म्हणजे आईने विचारलं होतं, भिऊन थांबू का. मी म्हटलं, उजवी पडली असती तर?

"तर काय? तिका सांगतंय, तू हंय भियान रव, मी जातंय. डॉक्टरान तारीख दिल्यान."

गुरव हसला. मी त्याची माफी मागितली.

ऑपरेशन चाललं तेव्हा सगळे रिपोर्ट पाठ असलेली मी इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आई बाकावर बसून, सावंतवाडीहून आलेल्या एका रडणाऱ्या बाईला चहात बुडवून उंडो पाव भरवत होती. तिचीही नजर पुन्हा पुन्हा ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे जात होती, ते मी पाहिलं. पण ती थांबली नाही.

बाबा आज अंगणात फिरतात. ते डॉक्टरांचे उपकार आहेत. पण त्या दिवसांत आम्ही कोसळलो नाही, ते आईमुळे, आणि तिला ज्या श्रद्धेने उभं ठेवलं तिच्यामुळे. श्रद्धा म्हणजे भीती, असं मी पत्रकात छापलं होतं. ते वाक्य मी खोडलं आहे. कौलासाठी उपचार थांबवणाऱ्यांविरुद्ध मात्र मी अजून लिहिते.

तुमच्या वाड्यावर कोणी कौलाची वाट बघत दुखणं अंगावर काढत असेल, तर त्याच्या देवाला हसू नका. त्याच्याबरोबर देवळात जा, हात जोडा, आणि तिथूनच त्याला इस्पितळात घेऊन जा.